कोरीम

टेकडीच्या माथ्यावर खळगा आहे.
चोरांनी पाडलेला, पैगंबरांच्याही आधी,
असं केन्झेताय म्हणतो,
आणि लगेच म्हणतो, मला काय ठाऊक.
बर्फ वितळलं की त्यात पाणी साठतं,
मेंढ्या चढून येतात प्यायला.

अशा अकरा टेकड्या, इली नदीच्या अलीकडे.
विजेचे मनोरे त्यांना वळसा घालून न्यायचे,
म्हणून मी नकाशावर एकेकीभोवती
लाल वर्तुळ काढत बसलेलो
आणि वर्तुळाशेजारी लिहायला शब्द हवा होता.

कुर्गान लिही, तो म्हणाला, रशियन साहेब तेच लिहायचे.
आई ओबा म्हणायची.
आजोबा काहीच म्हणायचे नाहीत,
नुसती हनुवटी तिकडे करायचे.

मग त्याची नात आली, तोग्झान,
अल्माटीला भाषा शिकणारी.
कुमिसचा वाडगा माझ्या हातात देऊन
तिने शब्द सोलायला घेतला लसणाच्या गड्डीसारखा:
कोरु, म्हणजे राखणं.
कोरा, मेंढ्यांचा वाडा.
कोरगान, गढी, तट, किल्ला.
आणि कोरीम,
जिचे वारस कुणालाच आठवत नाहीत अशी दफनभूमी.

पण कोरीमचं मूळ निराळं, ती म्हणाली,
आमच्या बाई सांगतात, दगडांची रास म्हणजे कोरीम.
आवाज जुळतो, रक्त नाही.

केन्झेताय हसला.
मेंढ्यांना कुंपण घालतो ते कशाचं, लोण्याचं?
तुझ्या बाईंना एक हिवाळा इकडे पाठव.

आमचा किल्ला रशियनांनी उसना नेला, तोग्झान सांगत होती,
त्यांच्या तोंडात तो थडगं झाला.
लांबून ढिगारा दिसला असेल, तटबंदी वाटली असेल.
मग पुस्तकांत बसून परत आला,
आणि आता माझ्या वर्गातली मुलंसुद्धा
कोरगान म्हटलं की आधी हाडं आठवतात.

केन्झेताय वाडग्यात बघत होता.
शायमेर्देनही किल्ला होऊनच गेला होता, तो म्हणाला.
माझा धाकटा. एकोणीस वर्षांचा.
अफगाण डोंगरांतून जस्ताच्या पेटीत आला,
उघडू नये, असा शिक्का होता.
आईने पेटीला कान लावला.

एवढं बोलून
तो घोड्याचा पट्टा आवळायला उठला.
पट्टा घट्टच होता.

मी माझ्या भाषेत चाचपत राहिलो.
आमच्याकडे कोरा म्हणजे
ज्यावर काही लिहिलेलं नाही तो.
या टेकड्यांवर तरी कुठे अक्षर आहे?
खणणाऱ्यांना मिळाली लगामाची कडी,
एका पोरीचे सात मणी,
जळक्या सरूची मूठभर राख.

राख.
राखणं.
इतकी वर्षं माझ्या तोंडात
हे दोघं भिंतीला भिंत लावून राहिले
आणि मी कधी त्यांची गाठ घालून दिली नाही.
बाळाच्या कपाळाला लावतात ती रक्षा,
मडक्यात भरून पाण्यात सोडतात तीही रक्षाच.

तोग्झानला सांगितलं. तिने वहीत उतरवून घेतलं,
मग पेन्सिल थांबवून विचारलं,
रक्त जुळतं, की नुसता आवाज?
रक्त, मी म्हणालो,
आणि म्हणताना जरा दचकलोच.

संग्रहालयाने केन्झेतायचा पगार
चार महिने दिलेला नाही.
तरी अंधार पडायच्या आत तो टेकड्या मोजतो,
मेंढ्या मोजाव्यात तशा, ओठ हलवत.
अकरा होतात.
मग घराच्या मागे वळून बघतो
आणि म्हणतो, बारा.

नकाशात अकराच होत्या.
मी आणखी एक वर्तुळ काढलं,
तार दोनशे मीटर पश्चिमेला सरकली.
कार्यालयाने खुलासा मागवलाय.
कारणाचा रकाना
अजून कोरा आहे.